अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉल : खेळाडूंचे मानधन, भरती व संघनिष्ठा

अमेरिकेतील विद्यापीठ-संघांच्या बास्केटबॉलपटूंना मिळणारा पैसा व त्याचा संघबांधणीवर झालेला परिणाम. या संघांचे नियमन मुख्यतः नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, करते. आपले नाव, छबी व ओळख यांच्या व्यापारी वापराचे पैसे खेळाडूंना १ जुलै २०२१ पासून घेता येतात. या कमाईला ‘एनआयएल’ म्हणतात. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात.

मानधनाचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. वृत्तपत्री लेखनात बहुधा २०२१ हे वर्ष येते. काही अभ्यासक ते १९५६ पर्यंत मागे नेतात. १९४८ च्या ‘सॅनिटी कोड’नुसार खेळाडूला मदत द्यायची ती त्याची आर्थिक गरज पाहून, पण नियम मोडणाऱ्या संस्थांना काढून टाकण्याइतकी मते जमली नाहीत आणि १९५१ मध्ये ही संहिता गुंडाळावी लागली. १९५६ पासून निव्वळ खेळातील गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली. तिसऱ्या मतानुसार पैसा कधी थांबलाच नव्हता, फक्त तो मागच्या दाराने येत होता. १९८८ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या साहाय्यक प्रशिक्षकाने एका होतकरू खेळाडूच्या वडिलांना पाठवलेल्या कुरिअर-पाकिटात १,००० डॉलर निघाल्याचा आरोप झाला. प्रशिक्षकाने तो नाकारला. खेळाडूंच्या कुटुंबांना गुप्तपणे पैसे पोचवण्याच्या कटात ऑक्टोबर २०१८ मध्ये आदिदासच्या एका अधिकाऱ्यासह तिघे दोषी ठरले. हे तिसरे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

कायदेशीर बाजूविषयीही एक गैरसमज रूढ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २१ जून २०२१ च्या ऑल्स्टन निकालाने एनआयएल खुले केले, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात तो एकमुखी निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता. एनआयएलला वाट करून दिली ती राज्यांच्या कायद्यांनी. त्यांत कॅलिफोर्नियाचा २०१९ चा कायदा पहिला. त्याआधी यूसीएलए विद्यापीठाचा माजी खेळाडू एड ओबॅनन याने खेळाडूंच्या छबीच्या व्यापारी वापराबद्दल २००९ मध्ये एनसीएएविरुद्ध दावा दाखल केला होता. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यात ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीने जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई ठरली. विद्यापीठांच्या थेट वाटपाला पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) सुमारे २.०५ कोटी डॉलरची मर्यादा ठरली. ही रक्कम सर्व खेळांची मिळून असते आणि अमेरिकन फुटबॉल तिचा मोठा घास घेतो. साहजिकच, मोठा फुटबॉल संघ नसलेल्या सेंट जॉन्ससारख्या विद्यापीठांना बास्केटबॉलसाठी हात सैल सोडता येतो.

भरतीचे स्वरूप यामुळे पालटले. पूर्वी प्रशिक्षक शालेय खेळाडूंच्या घरी खेपा घालत. आता ‘ट्रान्सफर पोर्टल’मधील, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्यांच्या नोंदयादीतील, अनुभवी खेळाडूंना मागणी असते आणि बोलणी बऱ्याचदा एजंटांशी होतात. देणगीदारांचे ‘कलेक्टिव्ह’ नावाचे गट पैसा उभारतात. प्रवेशाची हमी घेणारे ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले. पगारी पर्याय म्हणून २०२० मध्ये एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये निघालेला जी लीग इग्नाइट हा संघ, ज्याच्या पहिल्या तुकडीत भारताचा प्रिन्सपाल सिंग होता, २०२४ मध्ये बंद पडला.

संघनिष्ठा पैशामुळेच आटली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र एक वर्ष बाहेर न बसता एकदा संघ बदलण्याची सवलत एप्रिल २०२१ मध्ये मिळाली आणि एनआयएल तीनच महिन्यांनी आले. त्यामुळे दोहोंचा परिणाम वेगळा काढणे कठीण आहे. त्यातही मोकळीक हे कारण अधिक मूलभूत वाटते. मायामी विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. एप्रिल २०२२ मध्ये कॅन्सस स्टेटहून नायजेल पॅक तेथे आला. दोन वर्षांचे ८ लाख डॉलर व एक मोटार, असा त्याचा करार देणगीदाराने स्वतःच जाहीर केला. लगेच संघातील आयझेया वाँगच्या एजंटाने वाढीव रक्कम मागितली, नाहीतर वाँग जाईल असे सांगितले. वाँग गेला नाही. २०२३ मध्ये संघ एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम चौघांत पोचला आणि पैशासाठी आला म्हणून ज्याची चर्चा झाली तो पॅक तीन हंगाम टिकला. उलट प्रशिक्षक जिम लारान्यागा यांनी डिसेंबर २०२४ मध्ये ऐन हंगामात पद सोडले. अंतिम चौघांत पोचल्यावरही आठ खेळाडूंनी पोर्टलची वाट धरल्याचे त्यांनी सांगितले. प्रशिक्षक मोठ्या पगारासाठी संघ बदलत आलेच आहेत, याची नोंद या चर्चेत क्वचितच घेतली जाते. नॉर्थ कॅरोलायनाचा अर्मांडो बेकॉट एनआयएलची कमाई करत पाच हंगाम एकाच संघात राहिला, तेव्हा मानधन खेळाडूला धरूनही ठेवते.

विद्यार्थी-व्हिसावरील परदेशी खेळाडूंना अमेरिकेत एनआयएलचे करार करणे सहसा जमत नाही. केंटकीचा काँगोलीज खेळाडू ऑस्कर चिब्वे याने २०२२ मध्ये बहामा दौऱ्यात करार उरकले. पर्ड्यूचा कॅनडियन झॅक एडी या कमाईला बव्हंशी मुकूनही चार वर्षे तेथेच खेळला.

महिला संघांनाही हेच नियम लागू आहेत. त्यांत २०२४ पर्यंत आयोवाकडून खेळलेली केटलिन क्लार्क हे या कमाईतील ठळक नाव. ईशान्य अमेरिकेतील आठ जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाही व तिने हाउस तडजोडीतील थेट वाटपही नाकारले. तेथील डार्टमथच्या पुरुष संघाने ५ मार्च २०२४ रोजी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला होता. संघटनेच्या मान्यतेसाठीची याचिका त्याच वर्षाअखेर मागे घेण्यात आली.