बटाटा (शब्द)

बटाटा : कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून स्पॅनिशमध्ये व पुढे पोर्तुगीजमार्गे मराठीत आलेला शब्द. स्पॅनिश ‘बताता’ म्हणजे मुळात रताळे. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदोच्या १५३५ सालच्या इतिहासग्रंथात वर्णिलेला बताता हाच गोड कंद होय. आपण ज्याला बटाटा म्हणतो, त्याचे दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील केचुआ भाषेतले नाव ‘पापा’. लॅटिन अमेरिकेत, कॅनरी बेटांवर आणि अँडालुसियात बऱ्याच ठिकाणी अजून तेच चालते. उर्वरित स्पेनमध्ये ‘पताता’ म्हणतात. स्पॅनिश बोलीत ‘नि पापा’ (‘पापासुद्धा’) न कळणे म्हणजे काहीएक न कळणे.

‘पताता’च्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. ‘पापा’ व ‘बताता’ यांच्या संकरातून तो झाला, असे स्पॅनिश अकादमीचा कोश मानतो. मात्र इंग्रज दर्यावर्दी हॉकिन्सच्या १५६४-६५ च्या सफरीच्या इंग्रजी वृत्तांतात ‘पोटॅटो’ हा पकारादी शब्द रताळ्यालाच लावलेला दिसतो. युरोपात बटाट्याचे पहिले ज्ञात उल्लेख त्यानंतरचे आहेत (कॅनरी बेटे १५६७, सेव्हिल १५७३). तेव्हा ब-प हा भेद ‘बताता’तच आधी पडला असावा आणि ‘पापा’च्या सान्निध्याने पुढे नव्या अर्थाला बळ मिळाले असावे, हे अधिक संभवनीय वाटते. दोन कंदांची ही सरमिसळ बराच काळ टिकली : इंग्रज वनस्पतिज्ञ जेरार्डच्या १५९७ च्या वनस्पतिग्रंथात नुसता ‘पोटॅटो’ म्हणजे रताळे, तर बटाटा हा ‘व्हर्जिनियाचा पोटॅटो’. वस्तुतः बटाटा व्हर्जिनियाचा नव्हेच.

इटालियन ‘पताता’, तुर्की ‘पतातेस’, स्वीडिश ‘पोटाटिस’ ही याच कुळातील रूपे.

पोर्तुगीजमध्ये ‘बताता’ बटाट्यासाठी रूढ झाला आणि रताळे ‘गोड बताता’ ठरले. सिंहलीत मात्र ‘बतल’ म्हणजे रताळेच. जुना अर्थ तेथे जिवंत राहिला, ही भाषेच्या अभ्यासकाला मोलाची साक्ष आहे. मराठी, कोकणी व गुजरातीने नवा अर्थ घेतला. मराठीत रताळे हे नाव संस्कृत ‘रक्तालु’वरून आले असे मानतात; पण रताळेही अमेरिकेचेच असल्याने ते नाव पूर्वी दुसऱ्या एखाद्या तांबड्या कंदाचे असले पाहिजे. पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आलेल्या ‘तुरुंग’मध्ये मूळचा त दंत्यच राहिला, ‘बटाटा’त तो मूर्धन्य (ट) झाला. हिंदीने ‘आलू’ हा जुना कंदवाचक शब्दच नव्या कंदाला दिला.