हँडहेल्ड स्कॅनर आणि 'बाळगणे' : थोडी पार्श्वभूमी

गेल्या दोन-तीन वर्षांत जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची बरीच पोरं विचारायला लागलीत, की भाऊ हँडहेल्ड स्कॅनर (हातात धरायचा, चॅनल आपोआप चाळत रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा रिसीव्हर) घ्यायचाय, कोणता घेऊ. मी मॉडेलचं नाव सांगायच्या आधी मागचं सांगत बसतो आणि त्यांना वाटतं हा विषय टाळतोय. टाळत नाही. हा छंद आपल्याकडे ना धड मोकळा ना धड बंद असा राहिला त्याचं कारण यंत्रात नाहीये, १९३३ सालच्या एका शब्दात आहे, आणि तो शब्द माहीत नसताना केलेली खरेदी बहुतेक वेळा चुकते. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

यंत्राचा जुना भाग पटकन उरकतो. अमेरिकेत सुरुवातीला निघालेले स्कॅनर क्रिस्टलचे (ठरावीक फ्रिक्वेन्सी पकडून देणाऱ्या स्फटिकाचे) होते, एका चॅनलला एक क्रिस्टल, आठ चॅनल पाहिजेत तर आठ क्रिस्टल विकत आणा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सिंथेसायझर, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी आतल्या आत तयार करणारं सर्किट, आला, फ्रिक्वेन्सी बटणांनी टाकता यायला लागली, क्रिस्टल गेले. नव्वदच्या आसपास तिकडचे मोबाइल फोन अॅनालॉग होते, कुणाचंही बोलणं स्कॅनरवर पकडता यायचं, म्हणून कायदा झाला आणि १९९४ पासून तिथल्या बाजारासाठी बनणाऱ्या स्कॅनरमधून ८०० मेगाहर्ट्झकडचा मोबाइलचा पट्टा (त्या फ्रिक्वेन्सींचा भाग) कापून टाकला. तिकडच्या मॉडेलच्या रेंजमध्ये मधेच तुकडा गायब दिसतो तो यामुळे. म्हणजे पट्टा कापला, पण यंत्र बाळगायला देशपातळीवर मनाई केली नाही. ब्रिटनमध्येही यंत्र घरात असू द्या, बंधन आहे ते काय ऐकता यावर.

आपल्याकडे उलटं झालं, आणि ते कसं झालं हे नीट समजून घ्यायला पाहिजे.

१८८५ चा तार कायदा तार उभारणं, ठेवणं, चालवणं याबद्दल होता. नुसतं यंत्र जवळ असणं हा त्यात गुन्हा नव्हता. १९२७ मध्ये मुंबईहून नियमित रेडिओ प्रसारण सुरू झालं, चालवणारी कंपनी तीन वर्षांत बुडाली, प्रसारण सरकारच्या गळ्यात आलं. खर्च भागवायचा परवाना फीमधून, आणि लोक तर परवाना न काढताच सेट वापरायचे. पकडायचं कसं? सेट चालू असताना पकडला तरच काहीतरी करता येणार, बंद करून कपाटात ठेवला की विषय संपला. म्हणून १९३३ चा वायरलेस कायदा आणला, जो १९३४ पासून लागू झाला, आणि त्यात सरळ 'बाळगणे' हाच गुन्हा केला. व्याख्या पण अशी, की वायरलेस संपर्कासाठी वापरलं जाणारं किंवा वापरता येण्याजोगं कुठलंही उपकरण. वापरता येण्याजोगं! तुम्ही काय ऐकलं, कधी ऐकलं, ऐकलं तरी का, हे कुणी सिद्ध करायची गरजच नाही. ट्रान्समीटर (बोलणं पाठवणारं यंत्र) नसेल तर पहिल्या गुन्ह्याला दंड होता १०० रुपयांपर्यंत, आणि त्या काळात १०० रुपये म्हणजे खेळ नव्हता.

मला स्वतःला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि मी ते लपवत नाही. फी वसुलीसाठी केलेली सोय होती ती. गुप्तता, सुरक्षा वगैरे गोष्टी नंतर तिच्यावर चढल्या. बाकी म्हणणारे म्हणतात की बाळगण्यावरच नियंत्रण नसेल तर सीमेवरच्या राज्यात काय होईल याचा विचार करा, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. भुसावळ-वरणगावला संरक्षण साहित्याचे कारखाने आहेत, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण ऐकणं आणि बोलणं यात फरक करणारी रेघ कायद्याने दंडापुरतीच ओढली, परवानगीच्या बाबतीत ओढली नाही, आणि आजचा सगळा गोंधळ तिथून निघतो.

आपल्या घरांत याची खूण म्हणजे रेडिओच्या परवान्याचं पुस्तक. आमच्याकडे ते सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत पत्र्याच्या पेटीत होतं, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ही फी गेली आणि लोकांचा समज झाला की रेडिओ आता मोकळा. मोकळा झाला तो प्रसारण ऐकायचा रेडिओ, म्हणजे आकाशवाणी, शॉर्टवेव्ह, पुढे एफएम. विमानाचा पट्टा, व्हीएचएफ, यूएचएफ (वॉकीटॉकी वगैरे चालतात त्या वरच्या फ्रिक्वेन्सी) ऐकणारा हातातला रिसीव्हर त्या सवलतीत स्पष्टपणे कधी बसवलाच नाही. त्याआधी १९७८ च्या हौशी रेडिओच्या (परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या हॅम लोकांच्या) नियमांत फक्त ऐकणाऱ्यांसाठी वेगळा परवाना होता, परीक्षा न देता मिळणारा. म्हणजे श्रोता नावाचा माणूस कायद्याला ठाऊक होता. नंतर नियम बदलत बदलत हॅम परवान्याच्या दोनच ग्रेड उरल्या, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड, दोन्हीला परीक्षा, आणि नुसता ऐकणारा मधल्यामध्ये गळून पडला. यावर कुणी फार बोललं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी स्वतः ज्या काळात शिकलो तो, साधारण २००५ नंतरचा. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून हॅमसॅट गेला, हौशी लोकांसाठीचा आपला उपग्रह, आणि त्याचा आवाज १४५.९ मेगाहर्ट्झच्या आसपास यायचा. यावल तालुक्यात केळीच्या बांधावर उभं राहून आम्ही तो ऐकलाय. हातात उसना रिसीव्हर, दुसऱ्या हातात पट्टीच्या तुकड्यांचा अँटेना, आणि सातपुड्याच्या मागून उपग्रह वर आला की शिट्टीसारखा बीकन, म्हणजे उपग्रहाचा सततचा खुणेचा सिग्नल, सुराने हळूहळू खाली उतरत जायचा, डॉप्लरमुळे (येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर बदलतो तसा). आजी म्हणाली होती, हाई काय शे? आकाशातून आपलंच यंत्र बोलतंय म्हटल्यावर उपग्रह पूर्ण निघून जाईस्तोवर ती थांबली. २०१४ च्या जुलैत तो बंद पडला.

तोवर २०१२ येऊन गेलं होतं, आणि माझ्या मते आपल्याकडचा खरा इतिहास तिथून सुरू होतो. त्या एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. टीव्ही बघायचा साधा यूएसबी डोंगल, आतली चिप आरटीएल२८३२यू, तिच्यातून कच्चा सिग्नल थेट काँप्युटरला देता येतो हे काही प्रोग्रॅमर लोकांनी शोधून काढलं, आणि अगदी थोड्या पैशांत साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर हातात आला. दुसरं, बाओफेंग या चिनी कंपनीचा यूव्ही-५आर हा वॉकीटॉकी बाजारात आला. ट्रान्समीटर असलेला, अतिशय स्वस्त, आणि त्याच्या बटणांमध्ये 'स्कॅन' असं छापलेलं.

त्या एका बटणाने शब्दाचा पार चुथडा केला. आपल्याकडे आधी हातातल्या कुठल्याही अँटेनावाल्या डब्याला 'वायरलेस' म्हणायचे, मग 'वॉकीटॉकी', आणि आता ऑनलाइन विकणारे त्यालाच 'स्कॅनर' म्हणायला लागले. माझ्या मावसभावाने विमानं ऐकायची म्हणून असाच एक 'स्कॅनर' मागवला, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. आला तो वॉकीटॉकी. १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ, फक्त एफएम पद्धतीचं. विमानाचं बोलणं चालतं ११८ ते १३७ मध्ये आणि एएम या दुसऱ्या पद्धतीवर, म्हणजे त्या डब्यात ते येणारच नाही, कितीही चॅनल टाका. वरून बोलायचं बटण चुकून दाबलं गेलं तर तुम्ही कुणाच्या तरी चॅनलवर ट्रान्समिट केलंत, आणि तिथे कायद्याची भाषा १०० रुपयांची नव्हती, तेव्हाही ३ वर्षांपर्यंत कैदेची होती. म्हणून मी अडून बसतो, की स्कॅनर म्हणजे ज्याला बोलताच येत नाही तो. ज्यात माइकचं बटण आहे तो स्कॅनर नाही, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

खऱ्या स्कॅनरमध्ये निवड करताना सुद्धा इतिहास आडवा येतो. महागडी डिजिटल मॉडेलं, स्कॅनर बनवणाऱ्या युनिडेन कंपनीचा २०१८ चा एसडीएस१०० धरा, ती मुख्यतः अमेरिकेतल्या पोलिस-फायर ब्रिगेडच्या ट्रंकिंग सिस्टिमसाठी (थोडे चॅनल अनेकांत आपोआप वाटून वापरायची पद्धत) घडलेली आहेत, त्या पैशाचा आपल्याकडे काही उपयोग नाही, आणि एनक्रिप्टेड (सांकेतिक करून पाठवलेला) संदेश कुठलाच स्कॅनर उघडत नाही. साधा अॅनालॉग पुरतो. युनिडेनचाच बीसी१२५एटी किंवा त्याचं युरोपातलं भावंड, ५०० चॅनल, सेकंदाला ऐंशीच्या घरात चॅनल चाळतो, एअरबँड (विमानाचा पट्टा) एएमसह आहे, आणि दोन पेन्सिल सेलवर चालतो. हे शेवटचं आपल्या भागात महत्त्वाचं, मे महिन्यात भुसावळला ४५ च्या वर पारा गेल्यावर गाडीच्या डिक्कीत ठेवलेली लिथियम बॅटरी फुगते, पेन्सिल सेल काय बदलून टाकता येतात. सोबतचा रबरी अँटेना बाजूला ठेवा. ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, तितके मीटर तार, म्हणजे एअरबँडला साधारण ६० सेंटीमीटर, एवढ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) आधी पूर्ण उघडायचा, खरखर ऐकायची, मग ती जेमतेम थांबेल एवढाच फिरवायचा, बरेच जण तो जास्त आवळून ठेवतात आणि मग म्हणतात काहीच येत नाही. आणि शेतात मोटारीच्या स्टार्टरपासून, घरात स्वस्त एलईडी बल्बपासून लांब बसा, अर्धी खरखर त्यांचीच असते.

खान्देशावरून विमानं जातात ती ३५ हजार फुटांवरून, एवढ्या उंचीवरचा सिग्नल सपाटीवर चारशे किलोमीटरपर्यंत पोचू शकतो, पण मुंबईचा जमिनीवरचा कंट्रोलर पोचत नाही, कारण मधे जमिनीची गोलाई आणि सह्याद्री. म्हणजे बहुतेक वेळा पायलटच ऐकू येणार, पलीकडचं उत्तर नाही. जळगावचं विमानतळ २०१२ मध्ये आलं, नियमित उड्डाणं २०१७ च्या डिसेंबरपासून, शिवाय धुळ्याकडे गोंदूरला आणि शिरपूरला शिकाऊ पायलटांची विमानं, त्यामुळे पोरांची उत्सुकता वाढली ती समजते. पण एअरबँड ऐकायला कायद्यात स्पष्ट मोकळीक दिलेली नाही हे मी प्रत्येकाला सांगतो. भुसावळ यार्डातल्या गार्ड-ड्रायव्हरच्या बोलण्याचं आणि पोलिसांचं तर नावच काढू नका. त्यातल्या त्यात बिनधोक ऐकायचं तर १४४ ते १४६ मधले हॅम लोक, आणि १४५.८०० वर अवकाश स्थानकातून कधीमधी येणारा आवाज किंवा चित्रांचे सिग्नल.

कायद्याचं ताजं असं. २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तो १८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांच्या जागी आणलेला आहे, आणि 'बाळगणे' हा शब्द त्यात पण तसाच ठेवलाय, रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागेल अशा अर्थाने. संदेश बेकायदा चोरून ऐकण्याची शिक्षा मात्र कुठल्या कुठे गेली, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. मग २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीच्या साइट्सना वॉकीटॉकींवरून नोटिसा गेल्या आणि नियमावली आली, की परवाना लागतो की नाही, फ्रिक्वेन्सी कोणती, हे लिहिल्याशिवाय विकायचं नाही. बिनपरवाना वॉकीटॉकीसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ अशी छोटी जागा आहे. हे मला पटलं, मावसभावासारखी फसवणूक त्याने कमी होईल. पण त्या सगळ्या कागदात फक्त ऐकणाऱ्या यंत्राबद्दल वेगळी ओळ नाही, ती १९७८ मध्ये होती तशी परत आली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर मी येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी हॅमची परीक्षा दे म्हणतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, अभ्यास दोन महिन्यांचा. तो परवाना दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची मुभा देत नाही, पण आपल्या पट्ट्यातलं यंत्र कागदोपत्री जवळ ठेवता येतं, आणि केळीच्या बांधावर अँटेना घेऊन उभं असताना कुणी विचारलं तर खिशातून काढून दाखवायला काहीतरी असतं.