पार्श्वभूमी: डोंगरी स्नोमोबाईल गॅरेजमधून कारखान्यात कशी आली

उत्तर अमेरिकेत स्नोमोबाईलचं, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीचं, नवं वर्ष हिवाळा संपता संपता सुरू होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्या पुढच्या हंगामाची मॉडेल्स बाहेर काढतात, निवडक चालकांना ती डोंगरात फिरवायला देतात आणि पाठोपाठ 'आम्ही चालवून पाहिली' छापाचे लेख येतात. गिऱ्हाईक वसंतात पैसे भरून ठेवतं, गाडी हातात पडते ती पुढच्या थंडीच्या तोंडावर. डोंगरी मॉडेल्सबद्दलच्या या लेखांत तीन गोष्टी हटकून वाचायला मिळतात: गाडी हलकी झाली, उतारावर सहज कलते, थ्रॉटल दाबताच उचलते. परक्याला हे जाहिरातीसारखं वाटेल, आणि काही अंशी ते असतंही. कंपनीने बोलावलेल्या पाहुण्याने ताज्या बर्फात दोन दिवस चालवलेली गाडी वाईट कशी वाटणार? तरी या तीन गोष्टींमागच्या तक्रारी (जड गाडी, न कलणारी गाडी, उशिरा उचलणारी गाडी) खऱ्या आहेत आणि जुन्या आहेत. त्यांच्यावरचे पहिले तोडगेही बहुतेक कंपन्यांनी नव्हे, चालकांनीच आपापल्या गॅरेजात काढले होते.

मुळात हे वाहन डोंगरासाठी नव्हतंच. क्यूबेकमधल्या वाल्कूर गावच्या जोझेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकचा लहान मुलगा 1934 च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाखाली होते, इस्पितळ गाठता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्याचे प्रयोग आधीपासून चालू होते. 1937 मध्ये त्याला दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, पण त्यातून आधी बनल्या त्या डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुलं वाहणाऱ्या बसवजा गाड्या. एकट्या-दुकट्याने चालवायची छोटी स्की-डू आली 1959 मध्ये. तिकडे मिनेसोटातल्या रोझो गावात शेतीची अवजारं बनवणाऱ्या हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन यांच्या कारखान्यात पोलारिसची पहिली यंत्रं तयार होत होती. एडगर हेटीनने 1960 मध्ये त्या यंत्रांवरून अलास्कात सुमारे 1,200 मैलांचा प्रवास केला. भागीदारांना तो उधळपट्टीचा वाटला. एडगर बाहेर पडला आणि त्याने थीफ रिव्हर फॉल्समध्ये जी कंपनी काढली, तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. वाल्कूर काय, रोझो काय, ही सगळी सपाट, जंगलाची किंवा शेतीची गावं. तिथे दाबलेल्या बर्फाच्या वाटेवर चालवायचं, म्हणून यंत्र रुंद, पट्टा आखूड आणि बसायची जागा मागे.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शंभराहून अधिक उत्पादक या धंद्यात उतरले होते. इंधनटंचाई, मंदी आणि कमी बर्फाचे हिवाळे यांनी ही गर्दी अशी झाडून काढली की 1980 च्या दशकात चार नावं उरली: स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि जपानची यामाहा.

हेच यंत्र पश्चिमेला वायोमिंग, आयडाहो, माँटाना, ब्रिटिश कोलंबिया इथल्या डोंगरांत नेलं की वेगळाच खेळ सुरू व्हायचा. तिथला बर्फ कोरडा, भुसभुशीत, कमरेएवढा. आखूड पट्टा त्यात खड्डा खणायचा आणि गाडी मागून खाली बसायची. मग फावडं काढा, खणा, ढकला. त्या काळच्या डोंगरी सहलीचा निम्मा दिवस रुतलेल्या गाड्या उकरण्यात जायचा असं म्हटलं तरी चालेल. चालकांनी उपाय शोधला तो सरळ होता. 121 इंची पट्ट्याच्या जागी 136 इंची लावायचा, त्यासाठी मागचा टनेल, म्हणजे ज्याखाली पट्टा फिरतो तो ॲल्युमिनियमचा सांगाडा, कापून लांब करायचा आणि पट्ट्यावर उंच पॅडल, म्हणजे बर्फ मागे ढकलणारे उंचवटे, बसवायची. वायोमिंगमधल्या जॅक्सनच्या स्नो किंग डोंगरावर दर मार्चला होणारी चढाईची शर्यत म्हणजे अशा कापाकापीचं जाहीर प्रदर्शनच.

कंपन्यांना ही बाजारपेठ आहे हे उमगलं 1990 च्या दशकात. स्की-डूची समिट 1994 चं मॉडेल, पोलारिसची आरएमके 1996 चं, यामाहाची माउंटन मॅक्सही त्याच दशकातली. तिथून पट्टे वाढतच गेले: 144, 151, 154, 163, आणि आज 165 किंवा 175 इंचही. पॅडल अडीच-तीन इंचांपर्यंत पोचली.

लांब पट्ट्याने तरंगणं जमलं, पण वळणं बिघडलं. हा भाग जरा उलगडून सांगायला हवा, कारण चालवण्याच्या अनुभवावर जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं इथेच घुटमळतं. वाटेवरच्या स्नोमोबाईलने वळणावर आडवं व्हायचं नसतं, म्हणून तिच्या स्की एकमेकींपासून लांब असतात. डोंगरात नेमकं उलटं हवं. तिरक्या उतारावर आडवं जायचं तर गाडी डोंगराच्या बाजूला कलवून पट्ट्याच्या कडेवर तोलावी लागते. चालक एकाच फूटबोर्डवर उभा असतो, हँडल उताराच्या बाजूला किंचित वळवलेलं, अंगठा थ्रॉटलवर. हात सैल सोडला तर गाडी सरळ होऊन खालच्या झाडात. म्हणून डोंगरी गाडीच्या स्की जवळ आणल्या, 36 इंचांच्या आसपास. स्की-डूने 2003 च्या रेव्ह गाडीत चालकाला पुढे आणून जवळजवळ उभं केलं आणि पुढच्या वर्षी तीच रचना समिटमध्ये आली. 2013 च्या समिटमध्ये मागचं सस्पेन्शन बाजूला थोडं झुकेल असा सांधा आला आणि पट्ट्याच्या कडा लवचिक केल्या गेल्या. आर्क्टिक कॅटने 2019 मध्ये याहून धाडस केलं आणि पट्ट्याच्या आतल्या दोन रुळांऐवजी मधोमध एकच ठेवला. पोलारिस मात्र दुसऱ्या टोकाला: सांगाडा ताठ ठेवा, वजन कमी करा. 2011 च्या प्रो-आरएमकेमध्ये रिव्हेटऐवजी चिकटवून जोडलेले भाग होते, कार्बन फायबर होतं आणि कोरडं, म्हणजे इंधन वगैरे न भरता, वजन 200 किलोच्या आत आलं. 2013 मध्ये तेलात फिरणाऱ्या चेनऐवजी पट्ट्याला गती देणारा बेल्ट आला. तो हलका, आणि फिरणारं वजन कमी झाल्याने थ्रॉटलला प्रतिसादही झटपट. एकाला 'खेळकर' वाटणारी गाडी दुसऱ्याला 'ढिली' का वाटते, याचं उत्तर या दोन घराण्यांत आहे. माझं मत विचाराल तर पोलारिसचा रस्ता प्रामाणिक होता, कारण रुतलेली गाडी शेवटी हातांनीच उचलावी लागते.

गुलमर्गला जाऊन 'स्नो-बाइक' चालवलेल्या मराठी पर्यटकांनी त्यावरून डोंगरी गाडीचा अंदाज बांधू नये. तिथे दाबलेल्या बर्फावर, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली मारलेला तो फेरा असतो. मात्र कार्ब्युरेटरची जुनी बुलेट लेहच्या खिंडींत धापा टाकताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचा मुद्दा लगेच कळेल.

उंचीवर हवा विरळ होते. ढोबळ हिशेब असा की दर 1,000 फुटांना साधं इंजिन तीन टक्के ताकद गमावतं. समुद्रसपाटीला 165 अश्वशक्ती देणारं इंजिन 8,000 फुटांवर सव्वाशेच्या आसपास येतं. जुन्या काळी उंचीप्रमाणे कार्ब्युरेटरचे जेट बदलावे लागत, क्लचमधली वजनं आणि स्प्रिंगही. इंधन इंजेक्शनने जेटची कटकट संपवली. स्की-डूचं 2009 चं ई-टेक इंजिन तर थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं होतं आणि ते तंत्र आलं होतं कंपनीच्या एव्हिनरूड या बोटींच्या इंजिनांकडून. 2020 मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन बंद झालं, ई-टेक डोंगरात टिकलं.

गेलेली ताकद परत आणायला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, हवा. फोर-स्ट्रोक इंजिनांना तो कंपन्या लावत होत्या, पण ही इंजिनं डोंगरासाठी जड. टू-स्ट्रोकचं गणित अवघड असतं: तिचा एक्झॉस्ट पाइप दाबाच्या लहरींवर सुरात लावलेला असतो आणि मधे टर्बो घातला की तो सूर बिघडतो. शिवाय भुसभुशीत बर्फात अंगठा सतत उघडझाप करत असतो. टर्बो अर्धा सेकंद उशिरा जागा झाला तरी गाडी बसते. गॅरेजवाल्यांनी तरीही किट बनवले, महागडं शर्यतीचं पेट्रोल ओतलं, पिस्टन वितळवले आणि पुन्हा बसवले. कारखान्यातून टर्बो लावून आलेली पहिली टू-स्ट्रोक म्हणजे 2020 ची समिट 850 ई-टेक टर्बो. 8,000 फुटांपर्यंत ती 165 अश्वशक्ती टिकवते. 2022 च्या मॉडेलमध्ये पोलारिसने पॅट्रिअट बूस्ट आणली, स्की-डूने 2023 च्या मॉडेलमध्ये 180 अश्वशक्तीची टर्बो आर.

एवढी ताकद हाती आल्याने नवशिकेही अशा उतारांवर पोचू लागले जिथे पूर्वी मोजकेच जात. उंच कड्यावर जास्तीत जास्त वर खूण उमटवायची चढाओढ जुनीच आहे, आणि हिमस्खलनात सापडणाऱ्या चालकांत तिचे बळीही. मार्च 2010 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर अशाच मेळाव्यात हिमस्खलन होऊन दोघे गेले. आता पाठीवर फुगणारी एअरबॅग, बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र आणि फावडं हा डोंगरी पोशाखाचाच भाग समजतात.

धंदा मात्र आकसतो आहे. यामाहाने 2023 मध्ये स्नोमोबाईल सोडत असल्याचं जाहीर केलं आणि उत्तर अमेरिकेतलं तिचं शेवटचं मॉडेल 2025 चं ठरलं. आर्क्टिक कॅटने 2024 साठी कॅटॅलिस्ट हा नवा, हलका, बेल्टवर चालणारा साचा आणला खरा, पण 2024 च्या अखेरीस उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर करायची वेळ आली आणि 2025 मध्ये मालकी बदलली. गॅरेजवाल्यांचं दुकान मात्र बंद पडलेलं नाही. कारखान्याच्या टर्बो गाड्या विक्रीला येताच त्यांचा दाब आणखी वाढवणारे किट तयार झाले.