एका टॉर्चनं भागत नाही, त्याचं कारण

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आणि पंपाच्या थ्री फेज लाइनची रात्रपाळी एकत्र आली की विदर्भातल्या वावरात टॉर्चला दोन कामं पडतात. पाइप बदलताना पायाखालची ओली जमीन नीट दिसायला हवी, कारण मण्यार रात्रीच फिरते. आणि धुऱ्यापलीकडे पऱ्हाटी (कपाशी) हलली तर तिथं रोही (नीलगाय) आहे, डुक्कर आहे की आणखी काही, हे शंभर मीटरवरून कळायला हवं. ही दोन कामं एकच टॉर्च नीट करू शकत नाही. हे ज्याच्या लक्षात येतं तो दुसरी घेतो आणि मग दोघींची पांदणीवर उभं राहून तुलना करतो. टॉर्चचा नाद बहुतेकांना इथूनच लागतो. तुलनेसाठी आकडे लागतात, डब्यावरचे आकडे पटत नाहीत, आणि मग एक दिवस स्क्रू ड्रायव्हर हातात येतो.

आकड्यांपासूनच सुरुवात करू. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटला आहे त्याचं माप. दूरचं दिसणं कँडेलावर ठरतं, लुमेनवर नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, हा निसर्गाचा नियम कोणत्याच कंपनीला चुकवता येत नाही. एफएल-१ नावाचं एक अमेरिकी मानक २००९ पासून आहे. त्यानुसार झोताचा पल्ला म्हणजे उजेड पाव लक्सवर उतरतो ते अंतर; लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. हिशेब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कँडेलाचा पल्ला २०० मीटर. तो ४०० मीटर करायचा तर ४०,००० कँडेला हवेत. पण चांदण्याइतक्या उजेडात जनावर उभं आहे एवढंच कळतं, कोणतं ते कळत नाही. ओळख पटायला निदान एक लक्स धरावा, म्हणजे डब्यावरचा पल्ला कामापुरता निम्मा समजावा.

हे घरी मोजता येतं. फोनमध्ये लक्स मोजणारं ॲप घ्या, अंधारात फोन बरोबर ५ मीटरवर उभा करा, झोताचा मध्य फोनच्या वरच्या कडेच्या सेन्सरवर आणा. जो आकडा येईल त्याला २५ने गुणा; आले कँडेला. ४०० लक्स दिसले तर १०,०००. फोनचा सेन्सर प्रयोगशाळेचा नसतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर विसंबू नये. एकाच फोननं दोन टॉर्चची तुलना मात्र चांगली होते.

झोत लांब कशानं जातो? दोन गोष्टींनी. एलईडीच्या त्या पिवळ्या ठिपक्याच्या दर चौरस मिलिमीटरमधून किती प्रकाश निघतो, आणि समोरून दिसणारा परावर्तक, म्हणजे रिफ्लेक्टरची चकचकीत वाटी, किती मोठा आहे. परावर्तकाचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, तीव्रता चौपट, पल्ला दुप्पट. म्हणूनच जागलीची, म्हणजे रात्री पीक राखायची टॉर्च मोठ्या डोक्याची असते, आणि खिशातली टॉर्च कितीही लुमेन लिहिली तरी दूर जात नाही. मोठ्या गुळगुळीत परावर्तकाची टॉर्च पायाशी धरली तर मधे डोळे दिपवणारा गोळा आणि बाजूला काळोख, असं होतं. ओलितासाठी खडबडीत परावर्तकाची किंवा नुसत्या दुधी काचेची, रुंद उजेडाची टॉर्च बरी. झूमवाली टॉर्च दोन्ही करते असं दुकानदार सांगतो, पण भिंग पुढं ओढलं की बाजूला जाणारा बराच प्रकाश नळीच्या आतल्या भिंतीतच जिरतो. तडजोड म्हणून ठीक आहे, मुख्य टॉर्च म्हणून नाही.

डोळ्यांच्या चमकण्याकडे हौशी माणूस वेगळ्या नजरेनं पाहू लागतो, आणि टॉर्चचा खरा उपयोग तिथं समजतो. वाघ, बिबट, चितळ, रोही, कुत्रा, गाय यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो. आलेला प्रकाश तो आला त्याच वाटेनं परत पाठवतो. म्हणून टॉर्च कमरेशी धरली तर चमक कमी दिसते. कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरली तर स्पष्ट दिसते. डोक्याला बांधायची टॉर्च या कामाला उत्तम. पण एक गोष्ट गावोगाव सांगायला हवी: डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. झोत फिरवला, काही चमकलं नाही, म्हणून तुरीत रानडुक्कर नाही असं समजणं धोक्याचं आहे. सापाच्या डोळ्यांतही तो थर नसतो. याउलट गवतात जमिनीलगत हिरवट-पांढरे बारीक ठिपके लुकलुकतात ते बहुधा लांडगा-कोळी या शिकारी कोळ्यांचे डोळे असतात, घाबरायचं कारण नाही. चमकेच्या रंगावरून जनावर ओळखू नये, कारण तो कोनाप्रमाणे बदलतो. दोन डोळ्यांतलं अंतर, जमिनीपासूनची उंची आणि चाल पाहावी. मोठे डोळे स्थिर दिसले तर खाली वाकू किंवा बसू नये. उभं राहून, मोठ्यानं बोलत, पाठ न दाखवता मागं सरकावं.

साप शोधायची रीत याच्या उलट आहे. डोक्यावरच्या टॉर्चचा उजेड नजरेच्याच दिशेनं पडतो, त्यामुळे वस्तूची सावली तिच्यामागे लपते आणि जमीन सपाट दिसते. हातातली टॉर्च गुडघ्याच्या उंचीला, पुढं तिरकी धरली की ढेकूळ, काटकी, साप, सगळ्यांच्या लांब सावल्या पडतात आणि उंचसखल उठून दिसतं. दोन्ही टॉर्च सोबत असणं हा शौक नव्हे, ती गरज आहे. काळी माती, त्यातही ओली, फार थोडा प्रकाश परत पाठवते. दुकानात पांढऱ्या भिंतीवर झगझगीत वाटलेली टॉर्च वावरात मंद वाटते ती यामुळे. वाळल्या पानांवरची घोणस ओळखायला रंग खरा दिसणंही महत्त्वाचं आहे. टॉर्चच्या माहितीत सीआरआय नावाचा आकडा असतो, रंग किती खरे दिसतात ते सांगणारा; सूर्यप्रकाशाचा १००. स्वस्त निळसर एलईडीत तो ७०च्या आसपास असतो आणि तपकिरी-तांबूस छटा एकमेकींत मिसळतात. ९०च्या वरचा, किंचित पिवळसर उजेड घ्यावा, लुमेन थोडे कमी पडले तरी चालेल. लाल उजेडानं अंधाराला सरावलेली नजर टिकते हे खरं (पूर्ण सराव व्हायला अर्धा तास तरी लागतो), पण लाल उजेडात घोणशीचे तपकिरी ठिपके फिके पडतात. चालताना तो वापरू नये.

आता सेल. बाजारात ९,९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) लिहिलेले १८६५० नावाचे लिथियम सेल सर्रास मिळतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा या नळकांड्यात प्रत्यक्षात २,००० ते ३,५०० एमएएचच मावते. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सोनाराच्या काट्यावर ३० भरला तर आत माल नाही. ‘एक लाख लुमेन’चा दावाही असाच तपासावा. चांगली एलईडी दर वॉटला साधारण १०० लुमेन देते, म्हणजे एक लाखाला १,००० वॉट हवेत. २,६०० एमएएचच्या सेलमध्ये जेमतेम १० वॉट-तास असतात. ते ३६ सेकंदांत संपतील, आणि टॉर्च त्याआधीच हातात धरवणार नाही. एलईडी निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत घालवते. ती उष्णता अॅल्युमिनियमच्या अंगानं बाहेर जायला हवी. प्लॅस्टिकच्या अंगात ती अडकते, एलईडीवरचा पिवळा लेप करपतो आणि उजेड निळा पडत जातो.

गावात सगळ्यात जास्त दिसते ती ४ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीची, भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचून चार्ज करायची टॉर्च. ती बहुधा न वापरल्यानंच मरते. उतरलेली बॅटरी महिना-दोन महिने तशीच पडली की पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती चार्ज घेत नाही. हंगाम नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करावी. मेलेल्या टॉर्चमध्ये लिथियम सेल बसवण्याची आता चाल पडली आहे. काम उपयोगी आहे, पण नुसता सेल बदलला तर आग लागू शकते. जुन्या चार्जरमध्ये वीज थांबवणारं काही नसतं, ४.२ व्होल्ट झाल्यावरही तो ढकलतच राहतो, आणि लिथियम सेल ते सोसत नाही. शिवाय त्यातले बहुतेक चार्जर ट्रान्सफॉर्मरशिवायचे असतात. प्लग लावलेला असताना आतल्या कोणत्याही तारेला २३० व्होल्टचा धक्का असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्लगच्या पिना आणि जुनं सर्किट आधी पूर्ण काढून टाकावं. लिथियम सेल चार्ज करणारं, टीपी ४०५६ चिपचं, संरक्षण असलेलं मॉड्यूल घ्यावं. त्यावर बी अधिक-बी वजा आणि आउट अधिक-आउट वजा अशा चार जागा असतात. दोनच असतील तर त्यात संरक्षण नाही, घेऊ नये. सेल निकेलची पट्टी लावलेला घ्यावा आणि डाग (सोल्डर) पट्टीला द्यावा; थेट सेलवर डाग दिला तर उष्णतेनं आतला पडदा खराब होतो. सेल बी-जोडीला, स्विच आणि एलईडी आउट-जोडीला. जोडण्याआधी मीटरनं अधिक-वजा तपासावं, उलटं लागलं की मॉड्यूल लगेच जळतं. एलईडीच्या मार्गातला जुना रेझिस्टर काढू नये. २,६०० एमएएचचा सेल रिकामा असेल तर १ अँपिअरनं पूर्ण व्हायला तीन तासांहून थोडं जास्त लागतं. २.५ व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिलेला, फुगलेला किंवा चेमटलेला सेल वापरायचाच नाही. उन्हाळ्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा लिथियमची टॉर्च टिनाच्या छपराखाली, मोटारपंपाच्या पेटीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. महिनाभर वापर नसेल तर अर्धी चार्ज करून घरात गार जागी ठेवावी.

लुकलुकणाऱ्या टॉर्चला बहुतेक वेळा नवीन सेल लागत नाही. मागचं झाकण काढा, झाकणाची आणि नळीची उघडी कड, स्प्रिंगचं टोक हे सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आतली चकती घट्ट आवळा. रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावावं. व्हॅसलीननं काही रबर फुगतं आणि पहिल्याच पावसात पाणी शिरतं.

संग्रहाची ओढ लागलेले लोक पुढं जुन्या पितळी टॉर्चकडे वळतात. हातात धरायच्या नळकांडी टॉर्चचं अमेरिकी पेटंट डेव्हिड मिसेल यांना जानेवारी १८९९ मध्ये मिळालं. तेव्हाचे सेल इतके अशक्त होते की दिवा क्षणभरच लावता येई. भारतात दोन-तीन सेलची निकेल चढवलेली टॉर्च कित्येक घरांत माळ्यावर अजून पडलेली आहे, बहुधा आत सेल ठेवूनच. साध्या सेलचं जस्ताचं डबडंच रसायनात झिजत जातं. भोक पडलं की आम्लधर्मी रस बाहेर येतो आणि पितळ हिरवं पडतं. अडकलेला सेल ठोकून काढू नये, कोमट पाण्यात तास-दोन तास ठेवून सैल करावा. हा रस खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं निवतो. अल्कलाइन सेल गळला असेल तर उलट व्हिनेगर लागतं. चांदी चढवलेल्या परावर्तकाला कापड, बोट, काहीही लावू नये, मुलामा एका पुसण्यात निघतो. धूळ फुंकणीनं उडवावी. एवढं करूनही २.५ व्होल्टचा बल्ब लागला नाही तर तो टाकण्याआधी त्याच्या बुडाची कथलाची टिकली बारीक पॉलिशपेपरनं घासून पाहावी, कारण तिच्यावर चढलेली राखाडी साय वीज जाऊ देत नाही.