एचआयव्हीचे जनुकीय वैविध्य आणि औषधरोध (देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या संदर्भात)

एचआयव्हीच्या जनुकसंचात सतत बदल होत राहणे, त्यातून त्याचे निरनिराळे वाण तयार होणे आणि त्यांपैकी काहींवर औषधे चालेनाशी होणे, या परस्परांशी जोडलेल्या प्रक्रिया. सुमारे ९,७०० घटकांच्या या जनुकसंचाची प्रत काढणाऱ्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराला झालेली चूक सुधारता येत नाही. उपचार नसलेल्या शरीरात रोज अब्जावधी विषाणू जन्मतात, त्यामुळे एकाच व्यक्तीच्या रक्तात असंख्य वाण असतात. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांचा संकरही होतो. भारतात ‘सी’ या उपप्रकाराचे प्राबल्य आहे. ‘ए’ आणि ‘सी’ यांचा संकर पुण्यात, तर ‘बी’ आणि ‘सी’ यांचा ईशान्येत आढळला आहे.

भारतातील पहिले संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळले. ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतील महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. तेव्हापासून या स्त्रियांना रोगाचे उगमस्थान मानले गेले, आणि हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. त्यांच्यापर्यंत विषाणू बहुधा गिऱ्हाइकांकडून येतो.

औषधरोधाचे मूळ बहुधा खंडित उपचारात असते. धुळे-नाशिकला इंदूरशी जोडणाऱ्या आग्रा–मुंबई मार्गाने खानदेशातून इंदूरला आलेल्या एखाद्या मराठी बाईचा विचार करावा. पोलिसांची धाड पडते, एका रात्रीत खोली सोडावी लागते, घरमालकिणीला डबी दिसेल या धास्तीने गोळ्या टाकून दिल्या जातात. जुन्या उपचारातील तीन औषधांपैकी नेव्हिरॅपिन किंवा इफाव्हिरेन्झ रक्तात इतर दोघांपेक्षा जास्त दिवस टिकत असे. गोळ्या थांबल्या की विषाणूसमोर ते एकटेच उरे, आणि ‘के१०३एन’ हा जनुकातील एकच बदल त्याला निष्प्रभ करायला पुरेसा ठरे. असा विषाणू पुढे दुसऱ्यालाही लागतो. त्या व्यक्तीने औषधाचा एक कणही घेतलेला नसताना तिच्यावर ते औषध चालत नाही. ‘एम१८४व्ही’ या बदलामुळे लॅमिव्हुडिन हे औषध निकामी होते. टेनोफोव्हिर या औषधाला रोखणारा ‘के६५आर’ हा बदल ‘सी’ उपप्रकारात तुलनेने लवकर घडतो, ही भारताच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे.

डोल्युटेग्राव्हिर हे नवे औषध आल्यापासून परिस्थिती बरीच सुधारली, कारण त्याला रोध निर्माण होणे विषाणूला अवघड जाते. सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांत २००४ पासून औषधे मोफत मिळतात; इंदूरमध्ये ही सोय महाराजा यशवंतराव रुग्णालयाशी संलग्न केंद्रात आहे. गाव बदलल्यास उपचार दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करून घेता येतो. ही माहिती या स्त्रियांना त्यांच्या भाषेत मिळणे प्रयोगशाळेतील कोणत्याही तपासणीइतकेच मोलाचे आहे.

नियमित उपचारानंतरही व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) दर मिलिलिटरला १,००० प्रतींच्या वर राहिला, तर आधी गोळ्या कुठे व का चुकल्या हे विचारले जाते आणि समुपदेशनानंतर पुन्हा मोजणी होते. जनुकीय तपासणीत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, प्रोटिएज आणि गरजेनुसार इंटिग्रेज या विषाणूच्या विकरांचे जनुक वाचून बदल शोधतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि संसर्गाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.