शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना: अर्जाआधी कपाट बघा

कोकणात रानडुक्कर आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना मागणारे शेतकरी पुष्कळ. बहुतेक जण विचारतात, ‘कागद कोणते लागतात?’ माझा पहिला प्रश्न असतो, ‘बंदूक ठेवणार कुठे?’ कारण शस्त्र नियम २०१६ नुसार ती सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जासोबतच लिहून द्यावी लागते.

अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे. सोबत फोटो, ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, मानसिक व शारीरिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला जोडायचा. त्या दाखल्यात अर्जदाराला व्यसन नसल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. शेतीसाठी मागत असाल तर सातबारा हवाच. मग पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. परवाना मिळाला की तो ५ वर्षं चालतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात.

आता कपाट. भिंतीत पक्कं बसवलेलं, कुलपाचं लोखंडी कपाट घ्या. बंदुकीची दारू, छरे, काडतुसं त्यात नकोत. ती दुसऱ्या कुलपात, चुलीपासून आणि ओलीपासून लांब. किल्ली परवानाधारकाकडेच. परवाना वडिलांच्या नावावर असेल तर मुलाने बंदूक घेऊन रानात जाणं हा गुन्हा आहे, मग मुलगा कितीही जाणता असो.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासून भरायच्या, बंदुकीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. रात्री डुक्कर आलं नाही म्हणून ठासलेली बंदूक तशीच खुंटीला टांगतात. बाहेरून ती भरलेली दिसत नाही. नळीत गज सोडून बघा: तळापर्यंत गेला नाही तर आत बार आहे. असा बार असताना ती घरात आणूच नका. सकाळी केर काढणाऱ्या बाईला किंवा पोराला यातलं काय ठाऊक असणार?

चार दिवस मुंबईला मुलाकडे जायचं असेल तर बंद घरात बंदूक सोडू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला तरी तेच. पावती परवान्यासोबत जपा, परत घेताना ती लागते. बंदूक चोरीला गेली तर त्याच दिवशी ठाण्यात कळवा.

परवानाधारक वारला तर वारसाने बंदूक घरात दडवून न ठेवता आधी जमा करावी आणि मग आपल्या नावाने अर्ज करावा. धारकाचं वय ७० झालं असेल किंवा त्याच्याकडे शस्त्र २५ वर्षं असेल, तर हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो.