घटसर्प: पाच वर्षांचा राहिलेला डोस

नवी मुंबईतल्या तुर्भ्यात किंवा दिघ्यात एखाद्या घरातलं लसीकरण कार्ड मागून बघा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटपुढे, म्हणजे घटसर्पासह पाच रोगांवरच्या एकत्रित लशीपुढे, तारखा सापडतात. दीड वर्षाच्या बूस्टरपाशी गाडी अडखळते आणि पाच वर्षांचा रकाना कित्येकदा कोराच असतो. बाप बिगारी, एका साइटवरून दुसरीकडे गेलेला. पोर धडधाकट, मग सुईसाठी रोज कोण बुडवणार? आशाताईंनी दार वाजवलं तर खोलीला कुलूप. घटसर्पाला, म्हणजे डिप्थीरियाला, एवढी फट पुरते.

या रोगाचे जंतू घशातच वस्ती करतात, रक्तात सहसा उतरत नाहीत. उतरतं ते त्यांचं विष. तेही मुळात त्यांचं स्वतःचं नव्हे! जंतूंना लागण करणारा एक विषाणू विषाचं जनुक सोबत आणतो. याचा धागा 1951 साली फ्रीमन या संशोधकाच्या प्रयोगांतून हाती लागला. विष पेशीत शिरून प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. मेलेल्या पेशींचा राखाडी, चिवट पापुद्रा टॉन्सिलवर धरतो. खरवडला की रक्त येतं. ताप मात्र बेताचाच. त्यामुळे ‘घसा धरलाय’ म्हणत दोन दिवस गोळ्यांवर जातात, आणि तेवढ्यात विष हृदयाच्या स्नायूंपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोचू शकतं.

घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष मोकळं फिरणारं विष निकामी करतं; पेशीत शिरलेल्या विषापुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून स्वॅब (घशातून बोळ्यावर घेतलेला नमुना) प्रयोगशाळेत पाठवायचा, पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही. नुसत्या संशयावर प्रतिविष द्यायचं. पेनिसिलिन जंतू मारतं, विष नाही. दोन्ही लागतात.

लसही विषाविरुद्धच असते आणि तिचा जोर वर्षागणिक ओसरतो. म्हणूनच पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), मग 10 आणि 16 व्या वर्षी टीडी (धनुर्वात, घटसर्प). लस घेतलेल्याच्या घशातही जंतू मुक्काम करू शकतात, त्यामुळे एका खोलीत राहणाऱ्या सगळ्यांनाच प्रतिजैविक दिलं जातं, कार्ड पूर्ण भरलेलं असलं तरी. धडधाकट माणसाला आठवडाभर एरिथ्रोमायसिन घ्यायला लावणं, हे माझ्या मते यातलं सर्वांत चिकाटीचं काम.

बरं झालेल्या मुलालाही राहिलेले डोस द्यावेच लागतात. आजारात शरीराला भेटलेलं विष जीवघेणं असलं, तरी पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होण्याइतकं ते नसतं.